सेल्वीने फिरवलेला कागद

ताई चार वर्षं बोलावून थकली, तेव्हा २००७च्या जानेवारीत मी एकदाची चेन्नईला निघाले. पुण्याहून रेल्वेने जवळपास अख्खा दिवस जातो. डबा घरूनच न्या.

शनिवारी नुंगंबाक्कमच्या फ्लॅटवर पोचले तर भावजी तापलेले. केंद्र सरकारच्या नोकरीतला माणूस, पण सरकारवरच राग. "दिल्लीत डाव्यांच्या टेकूवरचं सरकार, इथे फुकट टीव्ही वाटणारं! आणि कर भरायचा आपण!" आता मागच्या झोपड्यांना जागेचे पट्टे, म्हणजे मालकीचे कागद, मिळणार होते. त्याविरुद्ध सोसायटीचा इंग्रजी अर्ज तयार होता: पट्टे नकोत, झोपड्या हटवा. बऱ्याच ओळी रिकाम्या दिसल्या म्हणून भावजींनी माझीही सही घेतली. मी पायसम खात खात करून टाकली. उरलेल्या सह्या आणायला ताईने तो कागद सेल्वीकडे दिला. सेल्वी तिची कामवाली, त्याच झोपड्यांत राहणारी.

"तिला कुठे वाचता येतं?" ताई म्हणाली.

रविवारी कोवलम, केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. ते सेल्वीचं माहेर, म्हणून वाटाड्या तीच. सोबत तिची आठवीतली मुलगी कविता. तिरुवान्मियूरला बस बदला आणि डावीकडे बसा, समुद्र त्याच बाजूला. तेवढ्यासाठी भावजीसुद्धा डावीकडे बसले! सेल्वीच्या भावाने तळलेली सुरमई मी दोनदा मागून घेतली.

होड्यांपाशी कविता इंग्रजीत म्हणाली, "आंटी, तुमची सही सगळ्यात छान आहे."

मी विचारलं, "तू वाचलास तो कागद?"

"जिन्यातच. अम्माला अर्थ सांगितला."

"मग तिने फिरवला कशाला?"

कविताने आईला तमिळमध्ये विचारलं आणि उत्तर मला सांगितलं. "अक्कांनी, तुमच्या ताईंनी, सांगितलं होतं ना. नाही म्हटलं असतं तर कामही गेलं असतं."

परतीच्या बसमध्ये सेल्वीच्या कमरेला ताईच्या घराची किल्ली दिसली. मी आधी त्या किल्लीलाच घाबरले. लाज वाटते, पण खरं आहे.

घरी भावजींना म्हटलं, माझं नाव खोडा. "खाडाखोड केलेला अर्ज कोण वाचतो?" म्हणाले. कारण सांगितलं तर सेल्वीचं काम जाईल, या भीतीने मी गप्प बसले. सोमवारी अर्ज गेला आणि मीही.

आता ताईचा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, "सेल्वी आली होती?"

"आली की. दर वेळी तेच काय गं?"

एक दिवस ताई "नाही आली" म्हणेल, या धास्तीत मी असते. त्या दिवशी झोपडी गेलेली असेल, आणि कागदावरची सगळ्यात छान सही माझी असेल.