दाजींची तात्पुरती गाडी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईला घरी चहा पीत होतो. भाचा नितीन पलीकडून रडत होता, शेतात बांधावर बसल्या-बसल्याच गेले म्हणत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता ती पिकअप कोण चालवणार? लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. त्या गाडीशिवाय मला दाजी आठवतच नाहीत. आता महिना-दीड महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच लिहितात, त्यामुळे खरं लिहायचं काम माझ्यावर येऊन पडलंय. अंकुशराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा, माणूस म्हणून कसा होता ते गावानं ठरवावं. गाडी दुरुस्त करणारा म्हणून तो अत्यंत भिकार होता.

वडवणीजवळच्या त्यांच्या गावात सीताफळाची बाग आहे आणि फळं बाजारात न्यायला ही पिकअप, घेतली तेव्हाच जुनी. इंजिन ठणठणीत होतं, एवढं मी मान्य करतो, कारण इंजिनाला दाजींनी कधी हात लावला नाही. बाकी गाडीचे बारीकसारीक त्रास मात्र त्यांनी घरच्या घरी मिटवले. दार करकरायला लागलं की त्यावर स्वयंपाकघरातलं करडईचं तेल. त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून बिजागरीत काळा लगदा झाला, मग करकर थांबली, कारण दार अर्धंच उघडायचं. समोरची कागदपत्रांची पेटी सारखी उघडून गुडघ्यावर पडायची, ती आक्काच्या जुन्या परकराच्या नाडीनं आवळलेली. पोलिसानं कागद मागितले की आधी गाठ सोडायची... पोलीस कंटाळून जा म्हणायचा. मागचा फाळका खडखडतो म्हणून फटीत गोणपाट कोंबलेलं. त्या पोत्यात गहू राहिले होते. पावसाळ्यात ते उगवले, आणि हा गृहस्थ वीतभर गव्हाचं पीक फाळक्यावर मिरवत बाजाराला गेला. मी हसलो तर म्हणाले, "खडखड थांबली का न्हाई, ते सांगा."

सगळ्यात कहर हॉर्नचा. स्टिअरिंग डावीकडं पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजायला लागायचा आणि वाजतच राहायचा. दाजींनी स्टिअरिंगखाली टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळली, ती सुटली, दुसरी गुंडाळली, आणि शेवटी डावीकडं वळणंच सोडून दिलं. वडवणीच्या बाजारात डाव्या हाताला आडत दुकान असलं तरी ते सरळ पुढं जायचे आणि उजवीकडून उजवीकडून सगळ्या पेठेला वळसा घालून दुकानाशी यायचे. ह्याला ते दुरुस्ती म्हणत. शेजारी बसून मी म्हटलं, "दाजी, गॅरेजला दाखवा की एकदा." तर म्हणाले, "कावून? तुमची गाडी शिंकली तरी दवाखान्यात जाती, मास्तर. माझी घरीच बाळंत होती." मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून मास्तर. हा शब्द ते अशा आवाजात उच्चारत की पुढं 'बिनकामाचा' हे वेगळं म्हणायची गरज पडत नसे. माझी त्यांच्याबद्दलची मतं त्यांना ठाऊक होती, त्यांची मला. मेव्हण्या-मेव्हण्यांत एवढं चालतं.

आणि प्रत्येक कामानंतर हात झटकून ते एकच बोलायचे... "तात्पुरतं हाय." नाडी तात्पुरती, गोणपाट तात्पुरतं, उजवीकडची प्रदक्षिणासुद्धा तात्पुरती. तात्पुरतं म्हणजे आज निभावून नेऊ, उद्या नीट करू, असा आपण अर्थ घेतो. दाजींच्या कोशात त्याचा अर्थ 'आता ह्या विषयावर बोलायचं नाही' असा होता. ती नाडी मी भाचा शाळेत असताना पाहिली आणि त्याच्या लग्नातही पाहिली.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मांडवात जे ऐकलं त्यानं तर माझं डोकंच फिरलं. "लई डोकं हुतं मानसाला, शिकला आसता तर इंजिनेर झाला आसता," असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी फाळक्यावरचं ते गव्हाचं पीक पाहिलेलं. इंजिनिअर! आतल्या खोलीत नितीन आईला समजावत होता. तो पुण्याला नोकरीला असतो. बाग बटाईनं द्यायची, घराला कुलूप लावून आईला पुण्याला न्यायचं, गाडीला गिऱ्हाईक पाहिलंय ते उद्या येऊन घेऊन जाईल, असं सगळं त्यानं ठरवलं होतं. मुलगा वाईट नाही. आईला एकटीला ठेवून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मीही त्याच्याच बाजूनं होतो, गाडीच्या बाबतीत तर दोन्ही हात वर करून. आक्का भिंतीला टेकून बसलेली. तिला जायचं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण नाही म्हणायला तिला धड कारण सापडत नव्हतं. रडून अडवणं तिच्या स्वभावात नाही.

"आई, कायमची नको येऊस," नितीन म्हणाला. "तात्पुरती चल. मग बघू."

आक्कानं मान वर केली. तेरा दिवसांत पहिल्यांदा ती कोणाकडं तरी नीट पाहत होती.

"तात्पुरती?" ती म्हणाली. "दाराचं तात्पुरतं, पेटीचं तात्पुरतं, फाळक्याचं तात्पुरतं. जलम गेला माझा त्यात. तुज्या बापाचं एक तात्पुरतं सुटल्यालं दाव मला, मग येते."

नितीननं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं. त्या माणसाच्या दुरुस्त्या ओंगळ होत्या, हास्यास्पद होत्या, पण हॉर्नची ती एक पट्टी सोडली तर सुटलेली एकही मला आठवेना, आणि ह्याचा मला भयंकर राग आला. "आन गाडी इकून फळं डोक्यावर न्हेऊ का? डोळे उघडायलेत फळाचे," आक्का म्हणाली. सीताफळाचे डोळे उघडले की ते झाडावर थांबत नाही, हे नितीनलाही ठाऊक होतं. त्यानं बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला नको म्हणून फोन केला.

मागच्या आठवड्यात मी गेलतो, मुद्दाम, तिची समजूत घालता आली तर पाहावी म्हणून. बाजारापुरता तिनं गावातला एक ड्रायव्हर धरलाय. पण अंगणातून बागेपर्यंत गाडी ती स्वतःच नेते, दाजींनी केव्हाच शिकवून ठेवलेलं, मला कोणी सांगितलं नव्हतं. मला शेजारी बसवून तिनं गाडी सुरू केली आणि तिच्या बाजूची काच खाडकन दारात खाली घसरली. मी लगेच म्हणालो, आक्का, ही काच तरी गॅरेजला नीट करून घे, मी येतो सोबत. ती उतरून घरात गेली. उंबऱ्याशी दाजींच्या चपला होत्या. ते गेल्यापासून कोणी त्यांना हात लावला नव्हता, झाडतानासुद्धा त्यांच्या बाजूनं झाडायचे. एक चप्पल तिनं उचलली, विळीवर धरली आणि टाचेचा जाड तुकडा सरळ कापून काढला. गाडीशी येऊन तिनं काच तळहातानं वर ओढली, तो तुकडा काच आणि दाराच्या फटीत अंगठ्यानं दाबून बसवला. काच वाकडी बसली, भिकार बसली, पण बसली.

मग ती पुन्हा घरात जाऊन दुसरी चप्पल घेऊन आली आणि सीटखाली सरकवून दिली.

"ती कशाला?" मी विचारलं.

"तुज्या बाजूची काच बी ढिली हाय," आक्का म्हणाली, आणि तिनं गाडी बागेकडं घेतली.