घट बसण्याआधी झाडून टाकलेला टॅब

पन्नाशीला बाईला शहाणपण येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला पन्नाशीत पाहिलेलं नाही. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कमरेला चांदीचा छल्ला, आणि त्या छल्ल्यात घरच्या किल्ल्यांबरोबर साखर कारखान्याच्या सर्व्हर रूमची किल्ली. जेवताना ती किल्ली मी डब्याशेजारी काढून ठेवायचे, सगळ्यांना दिसेल अशी. आता आठवलं की हसून हसून ठसका लागतो. तेव्हा मात्र मला वाटायचं, काय रुबाब आहे बाई तुझा!

खोलीत होते दोन मोठे सर्व्हर. त्यांच्या पोटात अकरा संगणक राहायचे. दिसायला कुठेच नाहीत, नुसते सॉफ्टवेअरचे. ऊसनोंदीचा एक, वजनकाट्याचा एक, स्टोअरचा एक. एका घरात अकरा सुना आणि प्रत्येकीला वाटतंय की चूल आपल्या एकटीची आहे, तसा तो संसार. त्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम माझ्या टेबलावर. त्यात एक टॅब होता, अपडेटचा. त्या टॅबमधून एका सर्व्हरमधल्या सुना दुसऱ्यात हलवायच्या, रिकामा झालेला अपडेट करायचा, मग उलटं. वर्षातून एकदाच, गळीत हंगामाच्या आधी. आणि हे काम साऱ्या कारखान्यात फक्त मला यायचं.

मग ती आली. येलदरीची पोर. बाप धरणावरच्या वीजघरात कामाला. माझ्या माहेरी, देवगाव फाट्याच्या अलीकडे, मी दहावीला जाईपर्यंत कंदील होता आणि हिच्या घरी बाप वीजच तयार करायचा! इथूनच माझं पोट दुखायला लागलं. वर पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काकू, मी कुठं बसू?" अख्खा कारखाना मला मॅडम म्हणायचा. काकू!

तिची बोटं कीबोर्डवर बघवत नव्हती. मी दोन बोटांनी टायपायचे. ती बोलता बोलता, माझ्याकडे बघत टायपायची. साहेब पूर्वी माझ्या टेबलापाशी उभे राहून चहा प्यायचे, ते तिच्या टेबलापाशी प्यायला लागले. मी त्यांचे घोट मोजायचे. खरंच मोजायचे.

दसरा झाला. खंडेनवमीला सर्व्हरला वाहिलेली झेंडूची फुलं अजून सुकत होती. साहेब म्हणाले, "आठ दिवसांत बॉयलर पेटतोय. त्याआधी अपडेट उरका. दोघींपैकी जी करील तिच्याकडं चावी ऱ्हाईल."

दोघींपैकी! मी त्या दिवशी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी लवकरची एसटी धरून आले, प्रोग्राम उघडला, आणि वरच्या ओळीत टॅबच नाही. बंद करून उघडला, नाही. संगणक बंद करून चालू केला, नाही. चष्मा पुसला. मान लांब करून शेजारी पाहिलं, तर तिच्या पडद्यावर अपडेटचा टॅब अगदी ऐटीत बसलेला.

एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? विचारलं असतं. त्या पन्नाशीच्या बयेनं काय केलं? कागद ओढला आणि साहेबांना अर्ज लिहिला. 'नवीन कर्मचाऱ्याने माझे अधिकार परस्पर काढून स्वतःकडे घेतले असून तिला अपडेटच्या कामापासून दूर ठेवावे.' खाली झोकदार सही. साहेब आले नव्हते. अर्ज त्यांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पेपरवेटही ठेवला. केवढी काळजी!

परत आले तर ती माझ्या खुर्चीमागं उभी.

"काकू, काय शोधायलाव? कवाची बघायले मी."

"काही न्हाई. अपडेटचा टॅब गेलाय. तुला ठाऊकच असंल."

टोमणा तिला लागलाच नाही. ती वाकून बघत म्हणाली, "तुमच्या नावानं माझ्या मशीनवर लॉगिन करून बघा बरं."

मला ते करायचं नव्हतं. तिच्या खुर्चीत बसणं म्हणजे हार. पण बसले. माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. टॅब आला. माझ्या नावानं, माझ्याच अधिकारानं.

"म्हंजी तुमचा अधिकार शाबूत हाय," ती म्हणाली. "सर्व्हरबी नीट हाय. तुमच्या मशीनवरचं टॅब दावणारं जोडसॉफ्टवेअर, प्लगइन, तेवढं गेलंय फक्त. प्रत्येकाच्या मशीनवर ते येगळं टाकावं लागतं ना." मग माझ्या संगणकापाशी येऊन, कधी काय केलं त्याची आतली नोंदवही उघडून तिनं बोट ठेवलं. "हे बघा. कुणीतरी अनइन्स्टॉल केलंय. घट बसायच्या आदल्या दिवशी, दुपारी. तुमच्याच लॉगिननं."

घट बसायच्या आदल्या दिवशी! घरातली भांडीकुंडी, गोधड्या, माळा सगळं धुऊनपुसून मी दुपारी कामावर आले होते, आणि अंगात आलेली साफसफाई संपेना म्हणून संगणकही झाडायला घेतला होता. जे नाव ओळखीचं वाटलं नाही ते काढून टाकलं. एका ओळीपुढं 'अपडेट' असं काहीतरी होतं. म्हटलं, हे कुठलं जुनं ठिगळ? टाका.

ती फिदीफिदी हसायला लागली. "काकू, त्या दिवशी तुमीच मला सांगत होताव की, आज मशीन लख्ख केलंय म्हणून!"

मी हसले नाही. साहेबांच्या दारावरचा पडदा हलला होता. मी जवळजवळ पळतच गेले. पेपरवेट बाजूला आणि अर्ज साहेबांच्या हातात.

"मॅडम, हे लय गंभीर लिव्हलंय तुमी. पोरीची नोकरी अजून पक्की न्हाई. खरं हाय का हे?"

हो म्हणणं किती सोपं होतं! एक मान हलवली की पोर बाहेर, किल्ली माझी, साहेबांचा चहाही माझ्या टेबलापाशी. खोटं कशाला सांगू, तेवढा एक क्षण मी तो विचार चांगला चघळला.

"न्हाई साहेब. मीच झाडून टाकलं. नवरात्राच्या सफाईत."

साहेबांनी अर्ज माझ्या हातात दिला. मी तो तिथंच फाडला आणि तुकडे पदरात बांधले, कचऱ्यात कुणी जोडून वाचू नये म्हणून. मग छल्ल्यातून किल्ली काढायला लागले. घट्ट बसलेली, नख तुटलं, पण निघाली, आणि पोरीच्या हातात दिली.

अपडेट तिनं केलं. तोवर माझ्या मशीनवर प्लगइन पुन्हा बसवून झालं होतं, पाच मिनिटांचं काम. मी शेजारी बसून यादी वाचत होते आणि तिचं काहीतरी चुकावं म्हणून मनात देवाला सांगत होते. अकराच्या अकरा सुना सुखरूप पलीकडे गेल्या. देवानं ऐकलं नाही. मला लय वाईट वाटलं.

अर्जाचं तिला आजतागायत ठाऊक नाही. निवृत्त होऊन मी आता नातवंडांची आजी झाले. पण दरवर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी तिचा फोन येतो.

"काकू, सफाई झाली का? काय काय टाकलं औंदा?"

मी तिला गोधड्यांचं सांगते. फोन ठेवण्याआधी एक मात्र दरवेळी विचारते, किल्ली कुठं ठेवतेस. ती म्हणते, "असती की टेबलावर कुठंतरी." टेबलावर! कुठंतरी! आणि मग दुपारभर माझा जीव जळत राहतो.