आजीवन अध्ययन, सर्वांसाठी खुले

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला आता काही वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा पूनम सागर कॉलनीतून रिक्षाने भाईंदर पश्चिमेच्या डायलिसिस सेंटरला जायचं, चार तास मशीनला जोडून घेऊन पडून राहायचं आणि घरी यायचं. डाव्या हातात सुया असतात, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा असतो, पण एका हाताने पुस्तक धरता येतं, पान उलटता येत नाही. नोकरी सुटली होती. नवरा कामावर, मुलगी पुण्याला. सुरुवातीचे महिने मी छताकडे बघत काढले.

एकदा सहज मोबाईलवर माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेबसाइट उघडली. लग्नाआधी मी तिथे एम.ए. करत होते, दुसरं वर्ष राहून गेलं ते गेलंच. उंच खिडक्यांची वाचनखोली अजून तशीच आहे का, एवढंच बघायचं होतं. फोटो होता. फोटोखाली एक पट्टी होती: ‘आजीवन अध्ययन, सर्वांसाठी खुले’. माजी विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त माणूस, कुणीही नाव नोंदवावं. आत स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, मराठीतली रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि ‘ग्रंथपालांना विचारा’ असा एक चौकोन. मी तिथेच पडल्या पडल्या अंगठ्याने नाव नोंदवलं. त्या दिवशी मशीनची बीप वाजली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, इतक्यात झालं?

शेजारच्या बेडवर राई गावचे एक दादा असायचे. साठी उलटलेली, आयुष्य मिठागरात आणि होडीवर गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं आणि पाणी माझ्यासारखंच मोजून दिलं होतं. त्यांची बायको बाहेर बाकावर बसून राहायची.

“बाय, काय बगतेस गो त्यात?” त्यांनी विचारलं.

“विद्यापीठाची लायब्ररी आहे, दादा. कुणालाही वाचता येते.”

“कोनालाबी?”

“हो. आजीवन अध्ययन म्हणतात. जन्मभर शिकत राहायचं.”

ते हसले. “मंग आपल्याला लवकर आटपाया पायजे.”

मग म्हणाले, “आमच्या राईचं काय लिवलंय का, बग.”

मला सापडेना, म्हणून मी त्या चौकोनात प्रश्न टाकला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात आलं. ग्रंथपालांनी जिल्ह्याच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचं पान शोधून दिलं होतं. खाडीकाठच्या गावांबद्दल चार ओळी: मिठागरं, भातशेती, मासेमारी, आणि त्यात राईचं नाव. मी मराठीत करून सांगितलं.

“आमच्या घरचं नाव हाय?”

“नाही, माणसांची नावं नाहीत. गावाचं आहे.”

“गावाचं हाय ना. झालं.” बायको आत डोकावली तर तिला म्हणाले, “आपली राई इद्यापीठात हाय.”

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून ऐकायला लागलो. मोबाईल दोन बेडच्या मधल्या टेबलावर ठेवायचा, आवाज बेताचा. समुद्रावरची एक मालिका होती. एक वयस्कर बाई शिकवायच्या, घरात बसून बोलल्यासारख्या. भरती-ओहोटीचा भाग लागला तेव्हा दादा उशीवर जरा उचलून बसले.

“भरती कवा येल ते मला झोपंतबी कलतं,” ते म्हणाले. “पन का येते, ते मला कोनी सांगितलंच न्हाय.”

त्या बाईंनी सांगितलं: चंद्र पाणी ओढतो. पण चंद्र तर एकाच बाजूला, मग पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच वेळी भरती कशी? ते पुढच्या व्याख्यानात बघू, म्हणाल्या आणि थांबल्या.

आमचे तास संपत आले होते. “पुढलं लाव ना,” दादा म्हणाले. तेवढ्यात सिस्टर त्यांच्या सुया काढायला आली.

“शनिवारी ऐकू,” मी म्हणाले.

शनिवारी ते आले ते सुजलेले. पाय, चेहरा, पापण्यासुद्धा. त्या आठवड्यात घरात हळद होती आणि ऊन भयंकर. ते डोळे मिटून पडून राहिले. मी मोबाईल काढला आणि परत पिशवीत ठेवला. मंगळवारी त्यांच्या बेडवर दुसरा पेशंट होता.

“वो राईवाले अंकल?” मी सिस्टरला विचारलं.

“एक्सपायर हो गये. संडे को, घर पे.” ती माझं बीपी बघत होती. “हाथ सीधा रखो, आंटी.”

बरेच दिवस मी वेबसाइट उघडली नाही. मग एकदा पुढचं व्याख्यान लावायला गेले तर ती पट्टीच नव्हती. वेबसाइट नवी केली होती, रंग वेगळे, वाचनखोलीचा फोटोही वेगळा. आत जायला विद्यार्थी क्रमांक मागत होती. मी वेबसाइटवर दिलेल्या ईमेलवर लिहिलं, की आम्ही दोघं ऐकत होतो, त्यातले एक वारले, मला निदान ती मालिका पुरी ऐकायची आहे. उत्तर आलं: ‘बाहेरील वाचकांसाठीची सुविधा तूर्त स्थगित आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ पहिलं उत्तर लिहिणारं माणूस तिथे अजून होतं की नाही, कोण जाणे. दुसरीकडे शोधलं, तर इंग्रजीत सूत्रं आणि आकृत्या मिळाल्या. वाचलं, पण डोक्यात काही बसलं नाही.

मधल्या एका मोकळ्या दिवशी राईला गेले. दादांची बायको ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिने लगेच ओळखलं.

“घरी आले का चांद आन पानी, चांद आन पानी,” ती म्हणाली. “आन मी हंडे लपवून ठेवायची, त्ये पितील म्हनून. हळदीत कुनाचं ध्यान न्हाय, तवा प्याले. पोट भरून प्याले.”

ती निवडत राहिली. मग मान वर न करता विचारलं, “त्ये दुसऱ्या अंगाला पानी कसं चढतं, त्ये काय ह्यांनी सांगितलं न्हाय. पुढल्या खेपंला कलेल म्हनले व्हते.”

“ते मला पण ऐकायला मिळालं नाही, वहिनी. बंद केलं त्यांनी.”

“सगल्यांना हाय म्हनलेलीस ना तू?”

“होतं तेव्हा.”

ती हात धुऊन आत गेली. चहा घेऊन आली. कप अर्धाच भरलेला होता, मला न विचारता. आम्ही दोघी समोरच्या नव्या इमारतीकडे बघत बसलो. पहिल्या दोन मजल्यांवर माणसं राहायला आली होती, वरचं काम अजून चालू होतं.