ताटावरचा आडवा हात

आज पुन्हा आमच्या ह्यांच्या ताटात छतावरचा पंखा फिरताना दिसला. स्टीलचं ताट इतकं रिकामं होतं.

हार्ट अटॅकमधून उठल्यापासून दुपारी नुसतं सॅलड खायचं, असं ह्यांनी ठरवलंय. माझी हरकत नाही. पण जन्मभर काकडी-टोमॅटो म्हणजे कोशिंबीर, आणि कोशिंबीर म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर, हीच सवय. त्यामुळे हे सॅलडही तिथेच आणि तेवढंच घेतात. भात-पोळीची जागा चकचकीत राहते.

"अहो, सॅलडवर राहायचं तर ते पोटभर खावं लागतं. डॉक्टरही तेच म्हणाले ना? थोडे मोडाचे मूग वाढते," मी म्हणाले.

"पुरे गं. जास्त खायची आता भीती वाटते."

भीती मलाही वाटते. जास्त वाढायची वाटते आणि कमी वाढायचीही. पूर्वी श्रीखंडाला नको म्हणताना हे ताटावर हात आडवा धरायचे, पण बोटं हळूच फाकलेली असायची. त्या फटींतून मी आणखी चमचाभर वाढायचे आणि हे खोटं खोटं रागवायचे. नको म्हणतानाही माणूस कुठेतरी थोडी वाट मोकळी ठेवतो, असं मला तेव्हा वाटायचं.

आज मी मुगांचा डाव घेऊन तशीच उभी राहिले. ह्यांनी हात आडवा धरला. बोटं इतकी वाळली आहेत, की घट्ट जुळवूनही त्यांच्यामधून खालचं रिकामं ताट दिसत होतं.