मधली जागा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना मिळाल्यावर कुठला हँडसेट घ्यावा याची मी यादी केली: बॅटरी, वजन, पल्ला. ती घेऊन मांडवीच्या धक्क्यावर गेलो. तिथे एक गृहस्थ रोज संध्याकाळी कठड्यावर बसून हँडसेटवर बोलत. डोंगरावरचा रिपीटर त्यांचा आवाज उचलून लांबवर पोचवी; त्यावर एका वेळी एकालाच बोलता येई. समोरच्याचं बोलणं संपलं की त्यांचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला असे. दोन श्वास गेले की मगच ते बोलायचं बटण दाबत.

"सेट बिघडलाय का?" मी विचारलं.

तेव्हाही ते आधी थांबले, मग हसले. "नाय हो. मधे जागा ठेवायची. कोण अडचणीत असला, तर तो शिरायचा कुठनं?" मी दाखवलेली यादी त्यांनी परत केली. "पल्ला रिपीटर देतो. थांबायची सवय तेवढी तुम्ही लावा."

घरी येऊन हेदवीला राहणाऱ्या आईला रोजचा फोन केला. औषध घेतलंस? जेवलीस? गॅस बंद केलास? एरवी तिचं "हो" पुरं होण्याआधीच माझा पुढचा प्रश्न सुरू होई. त्या दिवशी तिसऱ्या "हो"नंतर मी दोन श्वास थांबलो.

"परवा न्हाणीत पडले रे," आई म्हणाली. "सांगायचं राहूनच जात होतं."

"आणखी काय राहिलंय?" मी विचारलं, आणि पुन्हा थांबलो.