समुद्रात वाजलेला साडेतीनचा भोंगा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. चकवा, हडळ, रिकामा झोपाळा आपोआप हलणं... वाचायचं, चहा संपवायचा आणि कामाला लागायचं. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. चाकणला एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. इतकी वर्षं एकच काम – पार्ट मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल खोक्यात. त्यामुळे कुणी "मला भूत दिसलं" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, "किती उंचीचं?" बायको म्हणते, म्हणूनच लग्नाकार्यात माझ्या शेजारी कुणी फार वेळ टिकत नाही.

तर आता जे लिहितोय तेही खरं म्हणजे लाल खोक्यातच जायला हवं. पण टाकवत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा आयटीत आहे, मारुंजीला राहतो. त्याने आईवडिलांना मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं तिकीट काढून दिलं. दादा म्हणाला, "दोघंच जाऊन काय करायचं, एकमेकांची तोंडं बघायची? ती घरी फुकटात बघतोच की." मग सोबतीला मी आणि माझी बायको अंजली. स्वखर्चाने.

जहाज म्हणजे काय सांगू... पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीच्या सगळ्या विंग एकावर एक रचून पाण्यात सोडल्यासारखं. दादा दर वेळी लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरायचा आणि तिथे जे मिळेल ते खाऊन परत यायचा. त्यामुळे चुकल्याचं दुःख त्याला कधी झालं नाही.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातच होता. दुपारी जहाजावरच्या थिएटरमध्ये पाहुण्यांचा कार्यक्रम होता, ज्याला जे येतं ते सादर करायचं. आणि त्यात वहिनींनी नाव दिलं होतं. गाण्यासाठी. एकटीच्या.

हे किती मोठं होतं ते कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. वहिनी चिंचवडच्या भजनी मंडळात कित्येक वर्षं गातात, पण कायम मागच्या रांगेत, कोरसमध्ये. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी गणपतीत एकदा त्यांचं एकटीचं गाणं ठरलं होतं. दादा "येतो" म्हणाला आणि कंपनीत ओव्हरटाइमला थांबला. वहिनी स्टेजवर गेल्या, पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची बघितली आणि तशाच खाली उतरल्या. त्यानंतर कुणी कितीही आग्रह केला तरी एकच उत्तर – "माझा आवाज कोरसचाच आहे."

सकाळी नाश्त्याला त्यांनी दादाला गाठलं.

"अहो, एक सांगून ठेवते. तुम्ही पहिल्या रांगेत दिसलात तर गाईन. नाही दिसलात तर खाली उतरेन, आणि मग परत मला गा म्हणून कुणी म्हणायचं नाही. या जन्मात."

"अगं, चारी बाजूंनी पाणी. मी जाणार कुठं?"

"तुम्हाला पाण्याची काय अडचण," वहिनी म्हणाल्या. मी हसलो. अंजलीने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली.

जेवणानंतर साड्या नेसायच्या म्हणून बायकांनी आम्हाला केबिनबाहेर काढलं. माझा फोन अंजलीने व्हिडिओ काढायला ठेवून घेतला, कारण तिचा स्वतःचा फोन शुभ सकाळच्या फुलांनी भरलेला. माझं घड्याळ चार्जिंगला. दादाने रिटायर झाल्यापासून घड्याळ घालणंच सोडलंय – "आता कुणाला वेळ दाखवायची?" म्हणजे दोन मोठी माणसं, वेळ सांगणारी एकही वस्तू जवळ नसताना बाहेर पडली. आणि वाटेत लागला कॅसिनो.

"दहा मिनिटं बघून येऊ," दादा म्हणाला.

कॅसिनोला खिडकी नसते. भिंतीवर घड्याळही नसतं. हे मला तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

आधी दादा बटणाच्या मशिनवर बसला. आता, दादा पंधरा वर्षं चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात प्रेस शॉपला होता. प्रेसला दोन बाजूंना दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो – एखादा हात आत राहू नये म्हणून. तर दादाने सवयीने दोन्ही तळवे दोन बटणांवर एकदम दाबले. एका बटणाने खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याने वरचा दिवा लागून मदतनीस मुलगी धावत आली. दर डावाला तेच. चौथ्यांदा ती बिचारी गेलीच नाही, तिथेच उभी राहिली.

"हे आपलं काम नाही," दादा म्हणाला, आणि आम्ही रूलेटच्या टेबलावर गेलो. मोठं चाक फिरतं, त्यात छोटी गोळी, ज्या नंबरवर पडेल तो जिंकला. मी चाकाकडेच बघत राहिलो. एवढं मोठं चाक, पण फिरताना केसभरही डोलत नव्हतं. बेअरिंग कुणाचं असेल, या विचारात माझा बराच वेळ गेला असणार.

आणि तेवढ्यात दादा जिंकायला लागला. सगळा घोळ तिथेच झाला. हरला असता तर पाचव्या मिनिटाला बाहेर असतो. दादा नंबर सांगायचा आणि गोळी तिथे नाहीतर शेजारी. टेबलाभोवती सुरतच्या लोकांचा एक घोळका होता, ते दादाच्या मागोमाग चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी मिळणाऱ्या चकत्या, लावायला लागले. "काका, अब कौन सा?" अख्ख्या नोकरीत दादाला कुणी त्याचं मत विचारलं नव्हतं. तो डोळे मिटायचा, मान हलवायचा, आणि मग नंबर जाहीर करायचा.

"दादा, चल आता."

"एवढा एक, बाळ्या."

तो एक, मग अजून एक... मीही फार ताणलं नाही. त्याच्या नंबरवर माझ्याही दोन चिप्स असायच्या, हे अंजलीला या सदरातूनच कळेल.

शेवटी दादाने समोरचा सगळा ढीग एका नंबरवर सरकवला. सुरतवाल्यांनीही सरकवला. चाक फिरलं, गोळी सुटली, सगळे वाकले.

आणि भोंगा झाला.

ज्यांनी त्या काळी चिंचवडमध्ये दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दादाच्या कारखान्याचा भोंगा खालच्या पट्टीत, घसा खाकरल्यासारखा सुरू व्हायचा, मग चढायचा, आणि मधेच त्याला उचकी लागायची. व्हॉल्व्हमध्ये काहीतरी दोष होता, तो शेवटपर्यंत कुणाला काढता आला नाही. उचकीनंतर मग एकच लांब सूर. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटायची. आई त्यावर दुपारची झोप मोडायची, आम्ही पोरं त्यावर क्रिकेटचा डाव मोडायचो.

तोच भोंगा. उचकीसकट.

दादा उठला. गोळी अजून फिरत होती, त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याचा हात स्टुलाखाली गेला आणि डब्याची पिशवी चाचपू लागला. मीही उठलो होतो. का, ते मला विचारू नका. आम्ही दोघं दरवाजाकडे चालू लागलो. मागून चाक फिरवणारी मुलगी "सर? सर, युअर चिप्स..." म्हणत होती. पत्त्यांच्या टेबलावरून पांढऱ्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थही उठले होते. तेही खुर्चीखाली हात घालून काहीतरी शोधत होते. आम्ही तिघं दरवाजात एकमेकांसमोर आलो.

"साडेतीन झालं जनू," ते म्हणाले.

तेव्हा मी भानावर आलो. कारखाना बंद पडला, त्याच्या पुढच्या वर्षी अंजली लग्न होऊन चिंचवडला आली. म्हणजे बघा किती वर्षं झाली. प्रेस शॉप होतं तिथे आता पोहण्याचा तलाव असलेले टॉवर आहेत. आणि तो भोंगा टेम्पोत घालून कुदळवाडीला भंगारात जाताना दादाने स्वतः पाहिला होता.

दादा एकच शब्द बोलला. "गाणं."

आणि धावला. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. लिफ्टची वाट न बघता जिन्याने, आणि या वेळी मजला चुकला नाही.

थिएटरमध्ये वहिनी स्टेजवर उभ्या होत्या, माइकसमोर, गप्प. सूत्रसंचालक पोरगा चुळबुळ करत होता. पहिल्या रांगेत अंजलीने आमच्या दोन खुर्च्यांवर पर्स आणि शाल टाकून ठेवली होती. दादा धपकन बसला. त्याची धाप अख्ख्या थिएटरला ऐकू जात होती. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, पदर सारखा केला, आणि सुरू केलं.

एक जुनं भावगीत होतं. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसऱ्या ओळीला ठरला, आणि अंतऱ्याला तर... मला गाण्यातलं कळत नाही. एवढंच सांगतो की आमच्याच रांगेत वेफर्सचं पाकीट फोडायला निघालेल्या एका बाईंनी ते तसंच मांडीवर ठेवून दिलं. दादा भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवत होता. डोळे पुसताना म्हणाला, "एसी फार जोरात आहे इथं."

नंतर आम्ही डेकवर चहा घेत बसलो. ऊन छान होतं, वहिनी दोन बशा भरून बिस्किटं घेऊन आल्या होत्या.

"होतात कुठे तुम्ही?" अंजली माझ्यावर घसरली. "वहिनींचं नाव पुकारलं, त्या गेल्या आणि नुसत्या उभ्या. तो मुलगा दोनदा म्हणाला, शुरू कीजिए आंटी. मला वाटलं आता उतरतात."

"उतरतच होते," वहिनी म्हणाल्या. "एक पाय पायरीवर टाकलाही होता."

"मग?"

"मग भोंगा झाला."

मी कप खाली ठेवला. दादाने किंवा मी तोपर्यंत भोंग्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"कसला भोंगा?" अंजलीने विचारलं.

"कंपनीचा गं, साडेतीनचा. रोज तो झाला की मी दोघांच्या चहाचं आधण ठेवायचे. हे निम्म्या वेळा यायचे नाहीत, ओव्हरटाइम. तरी ठेवायचे. तसंच झालं बघ... म्हटलं, शिफ्ट सुटली, जरा थांबावं."

हे बोलताना त्या बिस्किट बुडवत होत्या. अंजली म्हणाली, "मी समोरच बसले होते वहिनी, मला काहीच ऐकू आलं नाही." तिने व्हिडिओ लावला. नाव पुकारल्यापासून, साडेतीनच्या सुमारास, तिने तो सुरू केला होता. त्यात वहिनी माइकसमोर दिसतात, चेहरा पडलेला. त्या वळतात, पायरीवर पाय टाकतात... आणि थांबतात. मान डावीकडे वळते, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं असताना खिडकीकडे वळावी तशी. मग परत माइकपाशी येतात आणि त्या मुलाला म्हणतात, "थांबा जरा. हे येतायत." आवाज म्हणाल तर एसीची घरघर आणि कुणाचा तरी खोकला. भोंगा नाही. मी तो व्हिडिओ हेडफोन लावूनही ऐकलाय.

मग मी माझ्या पद्धतीने तपास केला. रिसेप्शनला विचारलं, जहाजाचा हॉर्न दिला होता का? नाही. तो बंदर सोडताना नाहीतर धुक्यात देतात. शिवाय निघताना आम्ही तो ऐकला होता, त्यात उचकी नव्हती. संध्याकाळी कॅसिनोतही गेलो. टेबलावरच्या मुलीला काही ऐकू आलं नव्हतं, पण आम्ही तिघं एकदम उठलेलो तिला चांगलंच आठवत होतं. दादाच्या नंबरवर गोळी पडली का, असं हळूच विचारलं. नाही पडली. "और वो सूरतवाले अभी तक आपको ढूँढ रहे हैं, सर." त्या रात्री आम्ही जेवण केबिनमध्ये मागवलं.

पांढऱ्या शर्टातले गृहस्थ दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भेटले. तुम्हाला वाटलं असेल की ते अदृश्य झाले असणार, पण तसं काही नाही. चांगले काळेवाडीचे आहेत, आता आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आहेत आणि रोज मधुमेहावरचे उपाय पाठवतात. ते दादाच्याच कारखान्यात, फोर्ज शॉपला होते.

"व्हय, आमीबी ऐकला की," ते म्हणाले. "सूनबाई म्हनली, आबा, तुमाला भास झाला. म्या म्हनलं, भासाला उचकी लागती व्हय?"

पुतण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, काका, शरीराला सवय असते, वेळ झाली की मेंदू आवाज तयार करतो. बरं, मानलं. मग कारखाना बंद पडल्यापासून रोज दुपारी साडेतीन वाजतात, तेव्हा आमच्यापैकी एकालाही तो कधी कसा ऐकू आला नाही? त्याच दिवशी का? आणि वेगवेगळ्या मजल्यांवर चौघांना एकदम कसा? पुतण्या म्हणाला, "योगायोग." आमच्याकडे चाकणला रिजेक्शनच्या कारणात कुणी योगायोग लिहिलं तर मी त्याला परत पाठवतो. पण त्याच्या जागी काय लिहायचं ते मला आजही सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

परवा दादाकडे गेलो होतो. वहिनींना मंडळात आता शनिवारी एकटीचं गाणं असतं, त्याचा रियाज आत चालला होता. मी दादाला विचारलं, "तुला काय वाटतं, कसा वाजला असेल?"

"कसा ते तू बघ," दादा पायात चपला सरकवत म्हणाला. कार्यक्रमाला अजून तासभर होता, पण पुढची खुर्ची मिळत नाही म्हणून तो आधीच निघाला होता. "मला एवढंच कळतंय बाळ्या, की तो रोज 'घरी जा' म्हणूनच वाजायचा. मीच थांबायचो."