दहा वाजताची गृहभेट

आरोग्य सहायिका म्हणून नर्सचं काम तपासणं हे माझं काम. उपकेंद्राची नोंदवही चाळताना सातव्या महिन्यातल्या एका गरोदर बाईच्या नावापुढे एकच शेरा तीनदा दिसला: 'घर बंद'. तिन्ही वेळा सकाळचे दहा.

मोहफुलं गळायच्या दिवसांत सिंदेवाहीकडच्या गावांत दहाला घरी कोण असतं? पहाटे फुलं वेचायला जंगलात गेलेली माणसं बारानंतर परततात. नर्स इथलीच, तिला हे पाठ होतं. म्हणूनच ती दहाला जात होती. आळस मी समजू शकते. वेळ टाकून, सही करून, पट्टीनं रेघ मारून केलेल्या आळसाची मला शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तिला घेऊन निघाले. पिशवीत बीपीचं यंत्र, लघवी तपासायच्या पट्ट्या, गोळ्या.

"मॅडम, दुपारी गेलो असतो तं नसतं जमलं?"

"दुपारी किती वेळा गेलीस?"

तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली नोंदवहीतली ती बाई आणि तिची सासू फुलं वेचत होत्या. सासूनं नर्सला ओळखलं. "या बाई! तुमी तं आमच्या कुलुपाले भेटून जाता. आज मानसाले भेटाले आल्या का?"

सून हसली; उठताना मात्र तिनं झाड धरलं. पाय सुजलेले, तोंडही.

"डोकं दुखतं?" मी विचारलं.

"चार दिस झाले. उनाचं असन."

बीपी एकशे सत्तरवर एकशे दहा. पुन्हा घेतला, तेवढाच. फिटचा झटका आला असता तर तिथंच दोन जीव गेले असते. मी रुग्णवाहिकेला फोन लावला.

सून हलेना. "फुलं इथीच टाकू? ढोरं खाऊन टाकतीन."

"जिवापेक्षा फुलं मोठे काय वं?" सासू ओरडली, पण नजर तिचीही जमिनीवरच.

मी नर्सकडे बोट दाखवलं. "ही वेचेल."

"मी? मॅडम, माही साडी..."

"पदर खोच."

बाई वाचली, पुढे बाळही. पण दाखल करताना डॉक्टरांनी मला विचारलं, "मागच्या महिन्यात बीपी किती होता?"

"घेतलाच नाही."

सासू माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी मान वरसुद्धा केली नाही. केसपेपरवरच्या त्या रकान्यात आडवी रेघ मारली, आणि इंजेक्शन मागवलं.